नारळाचा परफ्युम तासाभराने खोबरेल का होतो?

पुदिनाचटणी

परफ्युममधलं कळणारं कोणी आहे का इथे? नणंदेने दुबईहून येताना माझ्यासाठी एक आणला, नाव मुद्दाम लिहीत नाही कारण ती पण इथे वाचत असते, पण खोक्यावर माड, समुद्र, मावळतीचा सूर्य असं सगळं आहे आणि मागे लाइम, सी सॉल्ट, कोकोनट, टिआरे फ्लॉवर, यलांग यलांग, व्हॅनिला, सँडलवूड, मस्क अशी यादी. वाचूनच सुट्टी लागल्यासारखं वाटतं.

तर होतं काय, मारल्या मारल्या एक नंबर. हिरव्या लिंबाची साल नखाने खरवडली की जो झणका येतो ना अगदी तो. पण दहा-पंधरा मिनिटांत गायब. मग एक विचित्र टप्पा येतो, ओला, खारट, थोडा कलिंगडाचा आणि थोडा ओहोटीला खाडीवर येतो तसला, घाण नाही म्हणणार मी पण परफ्युममध्ये हे कशाला असं वाटतं. मग फुलं येतात, गोडसर पांढरी फुलं, हा भाग मला मनापासून आवडतो, हा टिकला असता तर धागाच काढला नसता. आणि तासाभराने बघावं तर नुसतं खोबरेल तेल!! अगदी निळ्या बाटलीतलं नाही, साखर घातलेलं म्हणा, पण खोबरेलच. सासूबाई खूश, "आज डोक्याला तेल लावलंस वाटतं, बरं केलंस". ऑफिसात शेजारच्या मुलीने विचारलं की उद्या न्हायचा वार आहे का. संध्याकाळी परत वेगळंच, बिस्किटाच्या पुड्यासारखं काहीतरी, आणि ओढणीला जरा खवट वास येतो असं मला वाटतं, नवरा म्हणतो भास आहे.

तर मला विचारायचंय की माल डुप्लिकेट किंवा जुना असेल का, खवट झाला असेल का? आणि हे असं दिवसभर बदलत जाणं नॉर्मल आहे का, कारण माझे आधीचे बॉडी स्प्रे सकाळी जे असायचे तेच संध्याकाळी. आणि मुख्य म्हणजे तो फुलांचा भाग जास्त वेळ राहील असं काही करता येतं का? महागाची वस्तू आहे हो, कपाटात पडून राहायला नको.

पेशवाई_पगडी

सासूबाई जिंदाबाद 😂

डुप्लिकेट नसावा. नकली मालात वरचा पहिला वास बरोबर साधलेला असतो आणि अर्ध्या तासाने खाली काहीच नसतं. तुमच्याकडे तर पाच अंकी नाटक चाललंय. बाकी नारळ अंगाला लावायची हौस मला कधी कळली नाही, मोगऱ्याचं अत्तर घ्या आणि सुखी व्हा.

बाटलीवाली

मी घरी छंद म्हणून वासांची मिश्रणं करते, म्हणजे ड्रॉपर, काटा, पन्नास बारक्या बाटल्या आणि घरच्यांची बोलणी, त्यामुळे हे उत्तर लांबणार आहे, चहा घेऊन बस.

आधी खवटपणाचं. त्या बाटलीत खोबरेल तेल असण्याची शक्यता जवळजवळ नाहीच. खोबरेल हे जड तेल, ते उडत नाही, गुलाब किंवा वाळा जसा भट्टीवर चढवून वाफेबरोबर काढतात तसा नारळ निघत नाही. परफ्युममध्ये असतं अल्कोहोल, थोडं पाणी आणि वासाची द्रव्यं. तेलच नाही तर खवट होणार काय? जुन्या परफ्युममध्ये सगळ्यात आधी मरतो तो लिंबूवर्गीय भाग, हवा लागून लागून त्याला टर्पेंटाइनची झाक येते. तुझा लिंबू पहिल्या सेकंदाला ताजा आहे म्हणजे बाटली ठणठणीत आहे. पुढेमागे रंग गडद झाला तरी घाबरू नकोस, व्हॅनिलिन असलेल्या परफ्युमचं ते होतंच.

ओढणीचं म्हणशील तर ती वेणीला घासते ना? तिथलं तेल खरं असतं आणि ते खवट होतं. एकदा धुतलेल्या रुमालावर फवारून बघ आणि दुसऱ्या दिवशी हुंग, कळेल.

आता नारळ कुठून आला. लॅक्टोन नावाच्या द्रव्यांचं एक मोठं घराणं आहे, त्यातलं गॅमा-नोनालॅक्टोन हे परफ्युमवाल्यांचं नारळाचं हुकमी पान, धंद्यात त्याला सी-१८ म्हणतात. शाम्पू, क्रीम, गाडीत टांगायचे फ्रेशनर, जिथे जिथे "कोकोनट" लिहिलेलं असतं तिथे बहुतेक हाच नाहीतर याचा भाऊबंद. याच घराण्यात कार्बनची साखळी जरा वाढवली की नारळ जातो आणि पीच येतो. गेर्लां या फ्रेंच कंपनीच्या मित्सुको परफ्युममध्ये १९१९ साली जो पीच घातलाय तो गॅमा-अनडेकालॅक्टोन, म्हणजे चुलत घरातलाच. म्हणून नारळाचे परफ्युम कधी कधी पीचकडे झुकतात, नाक नीट लावलंस तर तुझ्यातही ते सापडेल.

आणि खऱ्या नारळात हा गॅमा-नोना नावापुरता असला तर असतो! तिथे मुख्य काम डेल्टा-ऑक्टालॅक्टोन आणि डेल्टा-डेकालॅक्टोनचं. डेल्टा-डेका लोण्यातही असतो, म्हणून ताज्या नारळाच्या दुधाला ती सायीची झाक असते. गॅमा-नोना त्यापेक्षा गोड आणि बेकरीकडे झुकलेला, त्याला खालून व्हॅनिला मिळाला की झालं तुझं संध्याकाळचं बिस्किट.

टप्प्यांचं गणित साधं आहे, जे हलकं ते आधी उडतं. लिंबातला लिमोनीन सगळ्यात चपळ, आपल्या हवेत तर पंधरा मिनिटं टिकला म्हणजे खूप. तुझा खाडीचा वास हा बहुतेक कॅलोन. १९६६ साली फायझर या औषध कंपनीतल्या केमिस्ट लोकांना तो सापडला, नव्वदीत सगळ्या "समुद्री" परफ्युममध्ये तोच होता. कोणाला त्यात कलिंगड येतं, कोणाला कालवं. तुला दोन्ही येतायत म्हणजे तुझं नाक चांगलं आहे. त्याच्यामागे फुलं, आणि सगळ्यात शेवटी लॅक्टोन, व्हॅनिला, चंदन, मस्क ही जड मंडळी.

पण इथे एक गोष्ट लक्षात घे, नारळ तासाभराने "येत" नाही. तो पहिल्या फवाऱ्यापासून तिथेच असतो, फक्त त्याच्यावर लिंबू आणि फुलं पसरलेली असतात, ती उठून गेली की तो उघडा पडतो. हे बघायचं असेल तर जाड ड्रॉइंग पेपरच्या पट्ट्या काप, एका पट्टीवर आत्ता फवार, दुसरीवर तासाभराने, आणि दोन्ही शेजारी शेजारी धर. जुन्या पट्टीवरचा नारळ एकदा नाकात बसला की मग ताज्या पट्टीवर लिंबाच्या मागे पण तो स्पष्ट कळायला लागतो. मला स्वतःला या खेळात परफ्युम लावण्यापेक्षा जास्त मजा येते.

मस्कबद्दल, म्हणजे कस्तुरीसारख्या वासाच्या द्रव्यांबद्दल, एक राहिलं. मस्कचे रेणू मोठे असतात आणि काही लोकांना काही ठरावीक मस्क येतच नाहीत, बाकी नाक उत्तम असलं तरी. त्यामुळे तुला संध्याकाळी जे येतं ते नवऱ्याला येत नसेल तर दोघंही खरं बोलताय असं होऊ शकतं.

फुलं टिकवायची तर कातडीपेक्षा कपड्यावर मार (पांढऱ्यावर नको, डाग पडतो). अंगाच्या उष्णतेने सगळं भराभर उडतं, सुती कपड्यावर तेच संथपणे होतं. अंगावरच हवा असेल तर आधी बिनवासाचं मॉइश्चरायझर लावून मग मार, कोरड्या कातडीवर काही राहत नाही. मनगटं एकमेकांवर घासू नकोस, उगाच उष्णता.

जाता जाता, हे सगळं परदेशातच चालतं असं समजू नका, एस. एच. केळकर आणि कंपनी मुंबईत १९२२ पासून वासांचाच धंदा करतेय. आपल्याकडे वासांचं कोणाला कळत नाही म्हणणाऱ्यांसाठी सांगितलं.

माडाखाली

बाटलीवालीताई, माहिती चांगली आहे पण माझा मूळ आक्षेप वेगळा. मी मालवणचा, घराच्या चारी बाजूंनी माड, आणि आजपर्यंत एकाही नारळाच्या परफ्युमला नारळाचा वास आलेला मी बघितलेला नाही. कुठला नारळ? शहाळ्याला वास जवळजवळ नसतोच, असतो तो सोललेल्या हिरव्या सोडणाचा, कच्चा आणि तुरट. नारळ फोडला की पाण्याचा एक थंड वास येतो तो दोन मिनिटांचा. खवला की वेगळा, त्याचं दूध काढलं की आणखी वेगळा. वाट्या अंगणात उन्हात टाकल्या की चौथ्या दिवसापासून जो सुका तेलकट वास सुटतो तो वेगळा, आणि मध्येच पाऊस येऊन वाट्या भिजल्या, बुरशी आली तर विचारू नका. घाण्यावरून गरम तेल आणलं की ते भाजल्यासारखं लागतं नाकाला. नारळाचं दूध आटवून जे तेल काढतात, आमच्याकडे आवेल म्हणतात, लहान पोरांच्या अंगाला लावायला, त्याचा वास तर सगळ्यात सुंदर, खाली कढईत तांबूस चोथा उरतो तो आम्ही गूळ घालून खायचो.

आता यातला कुठला नारळ त्या बाटलीत आहे मला सांगा. एकही नाही. ते गोऱ्या माणसाने बीचवर झोपून बघितलेलं नारळाचं स्वप्न आहे. आणि सोबत व्हॅनिला कशाला? आम्ही नारळात वेलची घालतो.

बाटलीवाली

@माडाखाली, शंभर टक्के मान्य आणि "गोऱ्या माणसाचं स्वप्न" तर फारच मान्य. युरोप-अमेरिकेत हा वास डोक्यात बसला तो सनटॅन लोशनमुळे. हवाइयन ट्रॉपिक नावाचं लोशन आहे ना, त्याचं नाव हवाईचं पण ते सुरू झालं फ्लोरिडात, १९६९ साली. त्यांच्या दोन-तीन पिढ्यांनी नारळ हा वास नारळावरून शिकलाच नाही, उन्हात अंगाला फासायच्या क्रीमवरून शिकला. दुसरी वाट पिन्या कोलाडाची, अननस-नारळ-रम, पोर्तो रिकोतलं एक हॉटेल हक्क सांगतं की ते १९५४ साली आमच्याच बारमध्ये जन्मलं. त्यामुळे परफ्युम करणारा जेव्हा "नारळ" म्हणतो तेव्हा त्याच्या डोळ्यासमोर लोशन आणि ग्लास असतो, खवणी नसते. व्हॅनिला त्यातूनच आला.

आणि पुदिनाचटणीला खोबरेल का येतं त्याचंही उत्तर यातच आहे. रेणू तोच, पण तिकडच्या बाईला त्यात सुट्टी येते आणि आपल्याला शनिवारची रात्र, केसांचा गुंता आणि आईचे गुडघे. यात परफ्युमचा दोष नाही आणि तुझ्या नाकाचाही नाही.

वेलचीवाला मात्र करून बघणार मी आता. डेल्टा-डेका, वेलची आणि शेवटी जरासा भाताच्या वाफेचा वास. उकडीच्या मोदकाच्या जवळ जाईल बहुतेक.

टोरांटोकर

इकडून एक भर. मी नारळवाला परफ्युम इथे जानेवारीत घेतला होता आणि पहिल्यांदा लावला तेव्हा वाटलं बाटलीत पाणी भरलंय, बाहेर उणे पंधरा, अंगावर चार थर कपडे, कोरडी हवा, नुसता लिंबू यायचा आणि तोही लांबून. ऑफिसच्या हीटिंगमध्ये येऊन बसलो, जॅकेट काढलं आणि पाच मिनिटांत फुलं, नारळ, सगळं एकदम. तोच परफ्युम डिसेंबरात पार्ल्याला घेऊन आलो तर घरातून रिक्षात बसेपर्यंत लिंबू संपलेला आणि स्टेशनला पोचेपर्यंत खाली नारळ. म्हणजे इकडे टोरांटोत जे दुपारपर्यंत होतं ते आपल्याकडे लोकल पकडायच्या आत उरकतं. त्यामुळे परदेशातल्या लोकांचे रिव्ह्यू वाचून "सहा तास टिकतो", "दोन तास ताजा राहतो" यावर आपण जाऊच नये, त्यांचे दोन तास वेगळे.

आणि प्रमाण! इथल्यासारखे पाच फवारे तिकडे मारू नका. एक, फार तर दोन. लेडीज डब्यात (आणि आमच्या जेन्ट्समध्ये पण) दमट हवेत गोड वास भयंकर अंगावर येतो, शेजारच्याचं डोकं दुखतं आणि आपल्याला मात्र काही येत नाही कारण आपलं नाक अर्ध्या तासात सरावलेलं असतं.

पुदिनाचटणी

अरे बापरे एवढी उत्तरं! सगळ्यांना धन्यवाद. रुमालाचा प्रयोग केला, रुमालाला अजिबात खवट नाही, तिथे सकाळी पण छान मऊ गोड वास होता, म्हणजे ओढणीचा दोष वेणीचाच. नवऱ्याला सांगितलं नाहीये अजून. पट्ट्यांचा खेळ लेकीला इतका आवडला की तिने घरातलं व्हिनेगर, फिनेल, माझी आमटी सगळ्याच्या पट्ट्या करून नावं लिहून ठेवल्यात.

आता मला त्या फुलाचं सांगा, टिआरे म्हणजे नेमकं काय? मला जे फुलांचं आवडतं ते हेच की यलांग? आणि असं काही मिळतं का ज्यात फुल पुढे आणि नारळ मागे?

सीनकाठची

मी सांगते, माझं लग्न होऊन फ्रान्सला आल्यापासून या फुलाने मला पछाडलंय. टिआरे म्हणजे ताहितीचं गार्डेनिया. आपल्या अनंताची सख्खी बहीण समज, अनंत पण गार्डेनियाच, फक्त आपल्याकडचा भरगच्च पाकळ्यांचा आणि टिआरे एकेरी, चांदणीसारखी, पाकळ्या सुट्ट्या सुट्ट्या. अनंताचा वास आठव, त्यात जो लोण्यासारखा जडपणा असतो ना, जो संध्याकाळी वाढतो, तोच तिच्यात. म्हणजे फुलात स्वतःतच ती सायीची बाजू आहे, म्हणून नारळाशी तिचं इतकं जमतं, दोघांची हद्द कुठे संपते कळत नाही.

ताहितीत त्याचं मोनोई करतात. मोनोई म्हणजे खोबरेल तेलात टिआरेच्या कळ्या भिजत घालायच्या. फ्रान्सने १९९२ साली "मोनोई द ताहिती"ला आपल्या हापूससारखं भौगोलिक नावाचं संरक्षण दिलं, त्याचे नियमही ठरलेले आहेत, तेल तिकडच्याच नारळाचं, एका लिटरला निदान दहा फुलं, निदान दहा दिवस भिजलेली, आणि कळी उमलायच्या आत खुडलेली. तेल मात्र आधी शुद्ध करून बिनवासाचं केलेलं असतं, म्हणजे त्यात जो सुगंध असतो तो फुलाचा, नारळाचा नाही! इथे उन्हाळा लागला की साध्या सुपरमार्केटात मोनोईच्या बाटल्या रांगेने लागतात. आणि हिवाळ्यात घट्ट होते हो, अगदी आपल्या खोबरेलसारखी, चोवीस डिग्रीच्या खाली गेलं की पांढरी. बाटली गरम पाण्यात उभी करून ठेवायची, पुण्याच्या माणसाला हे शिकवायला नको.

माझी आजी जास्वंद आणि माका घालून तेल उकळायची, जौनपूरकडे तिळांच्या थरात चमेलीची फुलं घालून तीळ सुगंधी करून मग घाण्याला लावायची पद्धत, सगळ्यांची कल्पना एकच, तेल वास धरून ठेवतं. तेव्हा मोनोई लावून वर तुझा परफ्युम मारलास तर फुलांचा भाग नक्की लांबेल. फक्त घरी सांगून ठेव की हो, यावेळी खरंच तेल लावलंय.

यलांग वेगळं, ते कोमोरो, मादागास्करकडून येतं, पिवळं, पिकलेल्या केळ्याकडे झुकणारं, थोडं औषधी. तू "गोडसर पांढरी फुलं" म्हणालीस म्हणजे टिआरेच असणार. आणि टिआरेचं असं वाफेचं अत्तर मिळत नाही, परफ्युममध्ये गार्डेनिया बहुतेक वेळा रचलेलाच असतो, चमेली, निशिगंध, लॅक्टोन वगैरे जुळवून. निशिगंधात पण लॅक्टोन असतात, लग्नाच्या हॉलमध्ये हारांच्या ढिगाजवळ उभं राहून बघ, मागे कुठेतरी खोबऱ्याची झाक येते.

त्वचेचा_प्रश्न

एक महत्त्वाचं, वरती कोणी लिहिलं नाही म्हणून. सालीतून दाबून काढलेलं लिंबाचं किंवा बर्गमॉटचं (हे पण लिंबूवर्गीय फळच) तेल अंगावर असताना कडक ऊन लागलं तर कातडीवर काळपट-तपकिरी डाग पडू शकतात, कधी फोड पण येतात. त्या तेलात बर्गाप्टेनसारखी द्रव्यं असतात, ती उन्हाने चेतवली जातात. जुन्या कलोनच्या काळात बायकांच्या गळ्यावर ओघळासारखे डाग पडायचे ते यामुळेच. आता चांगल्या परफ्युममध्ये यावर मर्यादा असते आणि बर्गाप्टेन काढलेलं तेल किंवा वाफेवर काढलेलं लिंबू वापरतात त्यामुळे फार घाबरायचं कारण नाही, पण नारळ-लिंबू परफ्युम लोक नेमके अलिबाग-गोव्याला जाताना लावतात म्हणून सांगितलं. समुद्रावर जायचं तर कपड्यावर मारा, गळ्यावर नको. घरी कोणी लिंबाचं तेल आणून मोनोईत मिसळायला बघत असेल तर तेही करू नका. आणि बाटली बाथरूममध्ये नको, खिडकीत तर अजिबात नको, खोक्यातच कपाटात ठेवा.

बाटलीवाली

@पुदिनाचटणी, "फुल पुढे, नारळ मागे" साठी दोन-चार नावं, सगळी हुंगून बघितलेली पण आवड माझी, तेव्हा तेवढ्यापुरतंच घे.

टॉम फोर्डचा सोलेइ ब्लाँ, २०१६ चा, त्यात निशिगंध-यलांग-चमेली पुढे आणि नारळ मागे, तुला हवं तेच, किंमत बघून मात्र खुर्चीला धर. मेझाँ मार्जिएलाचा बीच वॉक, २०१२ चा, हा जास्त लोशनकडे, यलांग आणि नारळाचं दूध, खाली मस्क. क्रीडचा व्हर्जिन आयलंड वॉटर, २००७ चा, यात फुलं कमी, लिंबू-नारळ-ऊस-रम असा सगळा ग्लासाचा कारभार, बापे लोकांना फार आवडतो.

आणि @माडाखाली तुमच्यासाठी खास, नारळ नाव नसलेला नारळ. अंजिराचे परफ्युम. अंजिराच्या पानाचा वास बसवायला हिरव्या कच्च्या वासाबरोबर लॅक्टोनची दुधी बाजू लागते, म्हणून त्यात आपोआप कोवळा नारळ दिसायला लागतो. लार्तिझाँ परफ्युमरचा प्रमिए फिगिए १९९४ चा आणि डिप्टिकचा फिलोसिकोस १९९६ चा, दोन्ही ऑलिव्हिया जाकोबेत्ती या एकाच बाईंनी केलेले. व्हॅनिलाचा गोडवा तुम्हाला टोचणार नाही, हिरवा तुरटपणा आहे, चीक आहे, लाकूड आहे. तुम्ही सोडणाचा वास म्हणालात ना, मला वाटतं त्याच्या सगळ्यात जवळ हेच जातात.

माडाखाली

अंजिरात नारळ शोधायचा म्हणजे कमाल झाली. पण चीक म्हणालात तिथे ऐकायला लागलो. बाटली घेणार नाही एवढी महागाची, नुसतं हुंगायला कुठे मिळेल? आमच्या बाजूला तर मॉल पण नाही.

टोरांटोकर

डिकँट मागवा ना. मोठ्या बाटलीतून काढून दोन, पाच, दहा मिलीच्या बारक्या स्प्रेमध्ये विकतात, भारतात बरेच लोक करतात हे आता ऑनलाइन. दोन मिलीत पंधरा-वीस फवारे सहज होतात, माणसाला कळायला तेवढे पुष्कळ. फक्त विकणारा जुना आहे का, लोकांचे अभिप्राय काय आहेत ते बघून घ्या, कारण बाटली समोर नसल्यामुळे आत काय भरलंय ते आपल्याला दिसत नाही. आणि कुरियर उन्हाळ्यात मागवू नका, ट्रकमध्ये चार दिवस तापून येतं. जून उजाडला की मागवा.

पुदिनाचटणी

सोलेइ ब्लाँचा डिकँट मी पण मागवते मग. पाच मिलीचा घेऊ की दोनचा? आणि @सीनकाठची, मोनोई भारतात कुठे मिळते का, की कोणी येणार असेल तर तिकडून मागवू? तेलाची बाटली विमानात फुटली तर काय होईल या विचाराने आत्ताच घाम फुटलाय.

सीनकाठची

दोनचाच घे आधी. मोनोई ऑनलाइन मिळते पण लेबल नीट वाच, "मोनोई द ताहिती" असं पूर्ण नाव हवं आणि घटकांत कोकोस न्युसिफेरा तेल आणि गार्डेनिया ताहितेन्सिस फुल दोन्ही हवीत, नाहीतर नुसतं मिनरल ऑइल आणि सेंट गळ्यात मारतात. मी दिवाळीला येतेय, तोवर नाही मिळाली तर कळव. विमानात चेक-इन बॅगेत, झाकणाखाली प्लास्टिकचा तुकडा लावून, झिप पिशवीत, आणि पिशवी जुन्या टॉवेलात. थंडीचे दिवस असतील, इकडून निघताना घट्टच असेल, सांडायचं म्हटलं तरी सांडणार नाही.